कशानं गेला?

“कशानं गेला?”

महानंदाअक्का माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. माझ्या हातात जनरेटरचा तुटलेला पट्टा होता. प्रश्नाचा सूर असा होता की मी सुतकातल्या माणसासारखी मान खाली घातली आणि म्हणालो, “सकाळीच गेला.”

“कवा गेला न्हाई इचारलं. कशानं गेला?”

मला काय ठाऊक? पट्टा होता, तुटला. मी नवा पट्टा घ्यायला आलो होतो, पोलिसांत जबाब द्यायला नव्हे. अक्कांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला, उजेडाकडं धरला, आतल्या अंगानं बोट फिरवलं, नाकाशी नेऊन हुंगला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. “डिझेल सांडू सांडू मारलास की रे ह्याला! नवा दिला तर त्यो बी मरंल. आधी गळती बंद कर, मग ये.”

आणि खरंच दिला नाही. दुकानात पट्टा समोर टांगलेला, गिऱ्हाईक समोर उभं, आणि दुकानदारीण म्हणते नाही देत. मी नांदेडचा माणूस. आमच्याकडं दुकानदार नसलेला मालसुद्धा आहे म्हणून सांगतो आणि चहा पाजून बसवून ठेवतो. मी आ वासून बघतच राहिलो. नंतरच्या सात-आठ वर्षांत या बाईंनी मला इतक्या वेळा आ वासायला लावलं, की माझा जबडा जागेवर कसा राहिला याचंच नवल.

ही गोष्ट लातूरची. भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती आणि शहराला शिकवण्यांचा बहर आला होता. आमच्या गल्लीत एका बाजूला फिजिक्स, दुसऱ्या बाजूला केमिस्ट्री, वरच्या मजल्यावर बायोलॉजी, आणि उरलेल्या जागेत मेस नाहीतर मुलींचं वसतिगृह. इस्लापूर, भोकर, देगलूर, कुठून कुठून आईबाप पत्र्याच्या पेट्या घेऊन यायचे आणि पोरांना सोडून डोळे पुसत परत जायचे. या गर्दीच्या भरवशावर मी नांदेडहून येऊन नेट कॅफे टाकला होता. निकालाच्या दिवसात माझ्याकडं पाय ठेवायला जागा नसे. आणि या सगळ्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या मधोमध, माझ्या भिंतीला भिंत लावून, अक्कांचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं काळंकुट्ट दुकान होतं.

अक्का लिंगायत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगावर इरकल लुगडं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. सकाळी पूजा करून आलेली बाई दहा वाजता कारखान्यातून सुटल्यासारखी दिसायची. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मेस चालवणारा तो ‘वरणवाल्या’, मी ‘नेटवाल्या’, आणि केमिस्ट्रीचे सर, ज्यांना पाहून पोरं चळाचळा कापत, ते ‘बाटलीमास्तर’.

त्यांच्या दुकानाचा कायदा एकच. तुटलेला भाग आणा, त्याला त्या नमुना म्हणत. नमुना नाही तर माल नाही. नाव सांगून चालत नसे, मॉडेल सांगून चालत नसे. नमुना हातात घ्यायचा, ‘कशानं गेला?’ विचारायचं, उत्तर पटलं तरच नवा काढायचा. आणि नमुना परत मिळत नसे. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार ओढलेली होती, तिच्यावर हे मेलेले भाग लटकत असायचे. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातला एखादा काढून दाखवायच्या. “हे बघ. ह्यो उन्हानं गेला. ह्यो घाईनं गेला. ह्यो मालकानं मारला.”

इथवर ठीक होतं. लोखंड-रबराला काही वाटत नाही. पण हाच प्रश्न अक्का माणसांच्या बाबतीतही विचारायच्या, आणि तिथं माझी पाचावर धारण बसायची.

मेसवाल्याचे वडील वारले तेव्हा आम्ही गल्लीतले सगळे भेटायला गेलो. सतरंजीवर सगळे गप्प. एखाद्यानं मधूनच ‘चांगला माणूस होता’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘हं’ करायचं, असं रीतसर चाललेलं. अक्का आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, “कशानं गेले?”

“बीपी होता, अक्का,” मेसवाला म्हणाला.

“गोळी चालू होती?”

“होती की.”

“कोन देत होतं?”

मेसवाल्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं आता धरणीनं पोटात घ्यावं, पण लातुरात हे वाक्य मनातसुद्धा आणायची सोय नाही. अक्का थांबल्या नाहीत. गोळ्या संपल्या होत्या का, कधी संपल्या, आणायच्या कुणी होत्या, एकेक करत त्यांनी सगळं बाहेर काढलं. शेवटी ती बाई हमसून हमसून रडायला लागली.

बाहेर आल्यावर मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलो. “अक्का, काही रीत असते! मेलेल्या घरी असं विचारतात का?”

“तुझ्या रीतीनं काय हुतंय?” त्या चपला घालत म्हणाल्या. “म्हातारी जित्ती हाय अजून. तिला बी बीपी हाय.”

माझा राग काही गेला नाही. बाई निष्ठुर आहे असं माझं मत झालं आणि गल्लीचंही तेच होतं. मेसवाला मात्र त्यानंतर आईच्या गोळ्या स्वतः द्यायला लागला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

केमिस्ट्रीच्या सरांना क्लास वाढवायला अक्कांची जागा हवी होती. ते एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या क्लासवर दोन मजली बोर्ड होता आणि त्यावर गुणवंत पोरांचे फोटो. सरांनी फार गोड शब्दांत जागेची गोष्ट काढली. अक्कांनी पेढा तोंडात टाकला, मान वर करून बोर्ड न्याहाळला आणि विचारलं, “मास्तर, जी पोरं नापास झाली त्येंचे फोटू कुटं लावता?”

सर हसले. “अक्का, त्यांचे कशाला लावू?”

“मग नव्या पोरांला कसं कळणार, कशानं जातंय ते?”

सरांचं हसू ओठावरच राहिलं. पुडा तिथंच ठेवून ते गेले. मी शेजारी उभा राहून घाम पुसत होतो, कारण माझ्या कॅफेत येणारी निम्मी पोरं त्याच सरांची होती.

आता त्या कोनाड्याबद्दल सांगतो. गल्ल्याच्या मागं भिंतीत एक कोनाडा होता, त्यात देवाची तसबीर. तसबिरीशेजारी लाल फडक्यावर लोखंडाचा एक तुटका दांडा ठेवलेला असायचा. खालच्या टोकाला आटे आणि त्यावर पितळेची टोपी जाम बसलेली. वरचा भाग तुटून गेलेला. मी समजलो, कुठलं तरी औजार असेल. खंडेनवमीला मी पूजेला गेलो. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं-औजारं धुऊन पुसून पुजतात. अक्कांनी पाने, हातोडे, जॅक सगळं मांडलं होतं, पण पहिलं गंध-फूल वाहिलं ते त्या तुटक्या दांड्याला.

मी हडबडलो. “अक्का, भंगलेलं पुजत नाहीत. भंगलेली मूर्तीसुद्धा नदीत सोडतात.”

“तुला परसाद पायजे का न्हाई?” त्या म्हणाल्या. मला प्रसाद पाहिजे होता. विषय संपला.

दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं, बसप्पांचं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मी गल्लीत येण्याच्या बऱ्याच आधी ते वारले होते. अप्पांची स्टँडर्ड हेराल्ड नावाची गाडी होती, ती ते भाड्यानं चालवत. एके काळी मद्रासकडं बनायची ही गाडी, विलायतेतल्या एका गाडीची सख्खी बहीण. दोन्हीकडं ती बनवणं कधीच बंद झालं होतं. नवल वाटायचं ते एवढंच, की दुकानात अप्पांचा फोटो नव्हता. लातुरात नवऱ्याच्या माघारी दुकान चालवणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्याचा हार घातलेला फोटो असतोच. एकदा मी विचारलं. अक्का म्हणाल्या, “जागा न्हाई भिंतीला.” चारी भिंती मोकळ्या होत्या.

अप्पांनी हेराल्डचा बराच माल साठवला होता, तो पडून होता. मीच एकदा सुचवलं, की इंटरनेटवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे अड्डे असतात, तिथं टाकून बघू. अक्का म्हणाल्या, “तिकडली मान्सं नमुना कसा दाखवणार?” मी म्हणालो, फोटो पाठवतील. त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि हो म्हणाल्या.

दोन-तीन महिने कुत्रं फिरकलं नाही. मग इंग्लंडहून पीटर नावाच्या एका निवृत्त गृहस्थांचा मेल आला. त्यांना मागच्या दिव्याची काच हवी होती. त्यांनी फुटक्या काचेचा फोटो पाठवला आणि, देवाशप्पथ, न विचारता लिहिलं होतं, ‘मागं घेताना माझ्याच चुकीनं कुंपणाला लागून फुटली.’ मी वाचून दाखवलं तशा अक्का खूश. “शाना मानूस हाय! सोताहून सांगतोय.” त्या दिवसापासून ते पीटरअप्पा झाले.

पीटरअप्पांचं काम काय, ते समजावताना माझी त्रेधा उडाली. त्यांच्याकडं लोक घरच्या घरी गाडी बांधतात. वरचं नवं कोरं अंग खोक्यातून विकत मिळतं, त्याला किट म्हणतात. सांगाडा, चाकं, आतली सगळी यंत्रं मात्र एखाद्या जुन्या गाडीची काढून घालायची. पीटरअप्पांनी त्यासाठी हेराल्ड घेतली होती.

“म्हंजे मढ्याच्या हाडावर नवं कातडं?” अक्का म्हणाल्या.

समोर बसलेली दोन पोरं कॉम्प्युटर सोडून वळून बघायला लागली. मी म्हणालो, “अक्का, ते शौकानं करतात.”

“करू दे की. हाडं नीट पायजेत, बस.”

काच गेली, मग दाराच्या मुठी गेल्या, चाकाच्या टोप्या गेल्या. प्रत्येक वेळी पीटरअप्पा पोच देत, आभार मानत. मग एक दिवस त्यांनी पुढच्या चाकांचे उभे दांडे मागितले. हेराल्डचं पुढचं चाक ज्या लोखंडी दांड्यावर उभं राहतं आणि वळतं, तो हा भाग. खाली आटे असतात, ते पितळी टोपीत फिरतात. मेलसोबत फोटो होता. मी पडद्यावर मोठा करून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की कोनाड्यातला तुकडा हाच आहे.

अक्कांनी फोटो पाहिला. “न्हाई म्हनून सांग.”

“अहो, पण कुठं मिळतो का बघू तरी...”

“आपुन त्यो इकत न्हाई. सांग.”

मी कळवलं. पीटरअप्पांचं उत्तर आलं ते असं: ही गाडी मी मुलीबरोबर बांधतो आहे. ती शाळेत होती तेव्हा सुरुवात केली, आता तिचं लग्न ठरलं आहे आणि तिला याच गाडीतून लग्नाला जायचं आहे. इथं वापरलेले दांडे मिळतात, पण वापरलेल्या दांड्यावर मी माझ्या मुलीला बसवणार नाही. तुमच्याकडं न वापरलेले असले तर कृपा करा.

मी हे सहज वाचून दाखवलं. वर बघतो तर अक्कांचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा पडलेला. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणायला उठलो तर म्हणाल्या, “उद्या नांदेडला चल माझ्यासंगं.”

नांदेडच्या भंगार बाजारात जब्बारभाईंचं आवार आहे. पिढीजात धंदा. मेलेल्या गाड्यांच्या रांगा, मधूनच उगवलेल्या बाभळी, आणि एका बाजूला कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले म्हातारे जब्बारभाई. अक्कांना बघून ते धडपडत उठले. “अक्का, तुम्ही कशाला आले? निरोप द्यायचा होता.”

अक्कांनी कशाला आलो ते सांगितलं. जब्बारभाई परत बाजेवर टेकले. त्यांचा मुलगा, चांगला चाळिशीचा गडी, आत गेला आणि एक दांडा घासूनपुसून घेऊन आला. चकचकत होता.

“एकदम कोरा वानी हाय बघा अक्का,” तो म्हणाला. “थोडा पॉलिश मारून देतो. विलायतेत कोण बघून राहिलंय?”

अक्कांनी दांडा घेतला. आट्यांच्या वरच्या बाजूला अंगठ्याचं नख फिरवलं. मग तो लोखंडी शिकंज्यात आवळला आणि हात पुढं केला. “हातोडा.”

मुलानं बापाकडं पाहिलं. जब्बारभाई म्हणाले, “दे दे. देखने दे.”

अक्कांनी दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि हाणला. एकाच घावात दांडा काडकन तुटला आणि वरचा तुकडा टणटण करत माझ्या पायाशी आला. मी उडालोच! साठीच्या घरातली बाई, डोक्यावरचा पदर ढळलेला, धाप लागलेली, आणि हातात घण. मी तुकडा उचलला. तुटलेल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग आतून गंजून काळा पडला होता. फक्त एका कडेला बोटभर चकचकीत लोखंड होतं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तेवढ्या बोटभर लोखंडावर कुणाची तरी गाडी चालली असती.

“आता मार पॉलिश,” अक्का मुलाला म्हणाल्या.

जब्बारभाई मागच्या खोलीत गेले आणि मेणकागदात गुंडाळलेली एक जोडी घेऊन आले. डाव्या चाकाचा एक, उजव्या चाकाचा एक. कधीच कुठल्या गाडीला न लागलेले. “तुमच्यासाठीच ठेवले होते अक्का. लई सालां झाली. तुम्ही कधी मांगे नहीं, म्या कधी दिलं न्हाई.”

अक्कांनी ती जोडी छातीशी धरली. जब्बारभाईंनी मान फिरवली. मला काहीच उमगलं नाही.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी भाजलेल्या शेंगा घेतल्या. एक शेंग फोडत, बाजारभाव सांगावा तशा आवाजात अक्का बोलायला लागल्या.

“भूकंपाच्या सकाळी आमी गाडी काढली. आदल्या दिशी गनपती बुडवलेले. लातुरात समदे रस्त्यावर बसलेले. उजाडल्यावर कुनी म्हनलं, औशाच्या फुडं गावंच्या गावं झोपलीत. माझं म्हायार तिकडंच. अप्पा काय बी बोलले न्हाईत, हेराल्ड चालू केली.”

गावात त्यांना आपली गल्लीच सापडली नाही. नुसता दगड-मातीचा ढीग. धाकटी बहीण सुनंदा माहेरपणाला आलेली होती. ती तुळईखाली सापडली, जिवंत. बोलत होती, पाणी मागत होती. तिला मागच्या सीटवर घातलं, डोकं अक्कांच्या मांडीवर, आणि अप्पांनी गाडी लातूरच्या दवाखान्याकडं काढली.

“औसा आलं न्हाई अजून, तवर डावं चाक आत दुमडलं. गाडीनं गुडघा टेकला बघ रस्त्यात. समोरून मदतीला येनाऱ्या गाड्याच गाड्या. समद्यांची तोंडं तिकडं, लातूरकडं कुनीच न्हाई. सुनंदा मला म्हनली, अक्का, गाडी का थांबली?” त्यांनी शेंगेची टरफलं खिडकीबाहेर टाकली. “तेवडंच म्हनली. मग न्हाई बोलली.”

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

“फुडं ऐक. मी अप्पांला म्हनलं, तुमी मारलं तिला. खड्डा दिसला न्हाई का? डोळे फुटले हुते का? रोज म्हनायची. जेवाया वाढताना बी म्हनायची. त्येंनी परत कंदी गाडीला हात लावला न्हाई. उलटून एक शब्द न्हाई बोलले. तशेच एका रात्री झोपेत गेले. त्येंच्या माघारी गाडी भंगारात द्याया जब्बारभाईला बोलावलं. त्यानं त्यो तुटका दांडा हातात घेतला, पितळी टोपीच्या कडंनं बोट फिरवलं, आन इचारलं, अक्का, इसमें ग्रीस कौन डालता था?”

गाडी हलली. अक्का थांबल्या. मग म्हणाल्या, “मी लई ऐटीत म्हनलं, मी! दर अमुशाला गाडीची पूजा माझ्याकडं हुती. लिंबू, नारळ, आन मग ग्रीस. ग्रीस भरायची घुंडी, निपल म्हनत्यात तिला, ती दिसंल तितं ग्रीस. देवाला तूप तसं गाडीला ग्रीस, जास्त घातलं तर काय बिघडतंय? जब्बारभाई म्हनला, त्याला ग्रीस चालत न्हाई. त्याला पातळ ऑइल लागतंय, नव्वद नंबरचं. ग्रीसनं आत चोंदतंय, पानी अडकतंय, गंज मान कापतोय.”

मला एकदम थंडी वाजली. भर उन्हात, एसटीत. या बाईनं दर अमावस्येला भक्तिभावानं ज्याची पूजा केली तेच... आणि वर नवऱ्याला... मी त्यांच्याकडं बघूसुद्धा शकेना.

“जब्बारभाई रडला बघ,” अक्का म्हणाल्या. “मी न्हाई रडले. गिऱ्हाईक आलं हुतं, त्याला फॅनबेल्ट काडून दिला.”

‘कशानं गेला’ हा प्रश्न मी एवढी वर्षं ऐकत होतो. कधी हसलो होतो, कधी चिडलो होतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच कॅफेत आल्या. “पीटरअप्पाला लिव. माल मिळाला. पन आधी सांगा, ह्यात काय घालनार. ग्रीस का ऑइल?”

“अक्का, आपणच लिहून टाकू की ग्रीस घालू नका म्हणून.”

“न्हाई. त्याला इचार. त्याला ठावं नसलं तर माल देनार न्हाई.”

मी लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. मी वाचलं, आणि वाचून दाखवावं की नाही असा क्षणभर विचार केला. पण अक्का मागं उभ्या होत्या, त्यांना माझ्या खांद्यावरूनसुद्धा कळलं असतं. वाचलं.

‘अर्थातच ऑइल, ग्रीस कधीच नाही! या गाडीच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाला इथं पहिली हीच गोष्ट सांगतात. माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून तिलासुद्धा माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून मला फार आनंद झाला. योग्य हातांत आलो, अशी खात्री पटली.’

“काय म्हनला?” अक्कांनी विचारलं. “समद्यांला ठावं हाय?”

“हो.”

“पोरीला बी?”

“हो.”

“कवापास्नं? इचार त्याला. कवापास्नं ठावं हाय?”

मी विचारलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पडद्याकडं बघत राहिल्या. पीटरअप्पा तिकडं जागेवरच असावेत. थोड्याच वेळात उत्तर आलं, दोनच शब्दांचं. मी ते मराठीत सांगितलं.

“पहिल्यापासून.”

अक्का उठल्या. भिंतीला हात धरून बाहेर गेल्या. मी पाठोपाठ गेलो तर त्यांनी दुकानात जाऊन आतून शटर ओढलं. गल्लीत क्लास सुटलेले, पोरांची ही गर्दी. मी शटरला कान लावून उभा राहिलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून असा आवाज आला, की पोरं चालता चालता थांबली. बाईमाणसाच्या गळ्यातून तसा आवाज निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या आवाजात मला एक शब्द कळला. “अप्पाऽऽ!”

मेसवाला धावत आला. केमिस्ट्रीचे सर आले. कुणी काही विचारलं नाही. आम्ही तिघं तिथंच पायरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी अक्का वेळेवर आल्या. दांड्यांची जोडी स्वतः ऑइलमध्ये बुडवून काढली, मेणकागदात बांधली, आणि मला म्हणाल्या, “पाटव. पोरीचं लगीन हाय.” डोळे सुजलेले होते. बाकी आवाज नेहमीचाच.

लग्नाचा फोटो आला तो पुढच्या पावसाळ्यात. हिरव्या रंगाची उघडी, टुमदार गाडी, आत पांढऱ्या झग्यातली मुलगी, आणि शेजारी दार धरून उभे पीटरअप्पा. मी रंगीत छापून दिला. अक्कांनी मुलीकडं पाहिलं नाही, गाडीच्या रंगाकडं पाहिलं नाही. फोटो डोळ्यांजवळ नेऊन डावं पुढचं चाक पाहिलं. “सरळ हाय,” म्हणाल्या. आणि मग मुलीच्या तोंडावरून हळूच बोट फिरवलं. त्या बोटाचा काळा डाग फोटोवर उमटला.

त्यानंतर फोनमध्येच इंटरनेट आलं आणि माझ्या धंद्याची घरघर सुरू झाली. कॅफे बंद करून मी नांदेडला परतलो. पुढं एकदाच लातूरला जाणं झालं. खंडेनवमी होती. क्लासचे बोर्ड आणखी मोठे झाले होते, अक्का आणखी वाकल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “ये नेटवाल्या. मेलास का काय वाटलं.”

मी कोनाड्याकडं पाहिलं. लाल फडकं होतं, पण तुटका दांडा नव्हता. तिथं एका मिशीवाल्या, डोळ्यांनी हसणाऱ्या माणसाचा फोटो होता. कपाळाला विभूती लावलेली, झेंडूचा ताजा हार. अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. दांडा तारेवर टांगला होता, इतर मेलेल्या भागांच्या ओळीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. हिरव्या गाडीचा डागाळलेला फोटो त्याच्या शेजारी.

तेवढ्यात भोकरकडचा एक माणूस दुकानात शिरला. पोरीला क्लासला सोडायला आला होता, वाटेत मोटरसायकलची केबल तुटली होती. अक्कांनी ती हातात घेतली. “कशानं गेली?”

माणूस गडबडला नाही. म्हणाला, “तेल घालायचं राहून गेलं बघा.” अक्कांनी मान डोलावली आणि नवी केबल काढायला वळल्या. त्या माणसाची नजर वर कोनाड्याकडं गेली, हाराकडं गेली. खेड्यातला साधा माणूस, रीत म्हणून त्यानं हात जोडले आणि विचारलं, “आन हे मालक का? हे कशानं गेले?”

अक्कांचा हात केबलच्या खोक्यात तसाच राहिला. मग त्या वळल्या, त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

“माझ्या जिभेनं.”

आणि जुनी केबल तारेवर अडकवायला त्यांनी स्टूल ओढलं.